लहान मुलांमधलं अंधत्व: कुठल्या कारणाला किती वेळ मिळतो, आणि कोण अडवू शकतं?

सांजवात (प्रश्न)

गावपातळीवर काम करणाऱ्या आरोग्यसेविका, सुईणी आणि लसीकरण करणारे कर्मचारी यांच्यासाठी बालअंधत्वावर प्रशिक्षणाची टिपणं तयार करायची आहेत. ही मंडळी डोळ्यांचे डॉक्टर नाहीत. हातात टॉर्च, लशीचा डबा आणि फार तर मलमाची एक ट्यूब, एवढंच सामान.

जुन्या पुस्तिकांमध्ये जवळपास सगळा भर 'अ' जीवनसत्त्व आणि गोवर यांवर आहे. अलीकडच्या लिखाणात मात्र कमी दिवसांच्या बाळांच्या डोळ्यामागच्या पडद्याचा आजार, जन्मजात मोतीबिंदू, मेंदूतल्या इजेमुळे जाणारी दृष्टी हे विषय जास्त दिसतात. मग विकसनशील देशांत आज नेमकं शिकवायचं काय? जुनं काढून टाकायचं का?

तीन गोष्टी नेमक्या हव्या आहेत. 'अ' जीवनसत्त्वाचे डोस वयानुसार, प्रतिबंधाचे वेगळे आणि उपचाराचे वेगळे. नवजात बाळाच्या डोळ्यांबद्दल पहिल्या तासात काय करायचं ते. आणि 'उद्या बघू' म्हणायचं नाही, त्याच दिवशी पाठवायचं, अशी लक्षणं.

---

निरंजन

जुनं काढू नका, पण आधी एक कसोटी लावा: तुमच्या भागात पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू किती होतात? बालअंधत्वाचं प्रमाण आणि कारणं दोन्ही या आकड्याच्या मागोमाग जातात. जिथे बालमृत्यू फार, तिथे डोळे जातात ते बुबुळावर फूल पडून: 'अ' जीवनसत्त्वाचा अभाव, गोवर, नवजात बाळाच्या डोळ्यांतला संसर्ग, डोळ्यात घातलेला झाडपाला. बालमृत्यू घटायला लागले, कमी दिवसांची बाळं जगवणारे कक्ष उघडले, की पडद्याचा आजार पुढे येतो. श्रीमंत देशांत उरतात ती मुख्यतः मेंदूची, दृष्टिमज्जातंतूची आणि आनुवंशिक कारणं. विकसनशील देशांची अडचण अशी, की एकाच देशात हे तिन्ही थर एकाच वेळी सापडतात. शहरातल्या नवजात कक्षात एक आजार आणि त्याच जिल्ह्याच्या टोकाला दुसरा.

प्रमाणाचा अंदाज हवा असेल तर: श्रीमंत देशांत दर हजार मुलांमागे साधारण ०.३, अगदी गरीब भागांत १.५ च्या आसपास. १९९९ मध्ये 'व्हिजन २०२०' ही टाळता येणारं अंधत्व संपवण्याची जागतिक मोहीम सुरू झाली तेव्हा जगात सुमारे १४ लाख अंध मुलं आहेत आणि त्यांतली तीन चतुर्थांश आशिया-आफ्रिकेच्या गरीब भागांत आहेत, असं धरलं होतं. यात १६ वर्षांखालची मुलं मोजतात, आणि अंध म्हणजे चांगल्या डोळ्याचीही दृष्टी ३/६० पेक्षा कमी (निरोगी डोळ्याला ६० मीटरवरून दिसतं ते ३ मीटरवरूनही न दिसणं). प्रौढांच्या मोतीबिंदूपुढे १४ लाख हा आकडा लहान दिसतो. पण मूल अंध झालं तर पुढची चाळीस-पन्नास वर्षं अंध राहतं. वर्षांच्या हिशेबात हे ओझं मोतीबिंदूच्या खालोखाल येतं.

टिपणांची मांडणी आजारांच्या नावांनी करू नका, वेळेनं करा. नवजात बाळाच्या डोळ्यातला पू: तास. बुबुळ मऊ पडणं: एक-दोन दिवस. कमी दिवसांच्या बाळाचा पडदा: तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पहिली तपासणी, उपचार ठरला की दोन-तीन दिवसांत. जन्मजात मोतीबिंदू: सहा ते आठ आठवडे. प्रत्येक आजाराला त्याची मुदत आहे, आणि ती मुदत चालू असताना बाळ डोळ्यांच्या डॉक्टरसमोर नसतं. ते सुईणीसमोर, लस देणाऱ्या ताईंसमोर किंवा नवजात कक्षातल्या नर्ससमोर असतं. बालअंधत्व अडवायचं तर याच माणसांनी अडवायचं, म्हणून तुमचं प्रशिक्षण योग्य जागी चाललंय.

---

पारिजात

'अ' जीवनसत्त्वाचं मी लिहिते.

आधी प्रतिबंधाचे डोस, म्हणजे लक्षण नसलेल्या पण अभावाचा धोका असलेल्या भागातल्या मुलांसाठी. ६ ते ११ महिने: १ लाख युनिट, एकदा. १२ ते ५९ महिने: २ लाख युनिट, दर चार ते सहा महिन्यांनी. सहा महिन्यांखालच्या बाळाला प्रतिबंधाचा मोठा डोस नको, त्याच्यासाठी आईचं दूध. निळी कॅप्सूल १ लाखाची, लाल २ लाखांची. लहान मुलाला अख्खी कॅप्सूल गिळायला द्यायची नाही, ठसका लागून घशात अडकू शकते. निमुळतं टोक स्वच्छ कात्रीनं कापायचं, मुलाच्या गालावर हलका दाब देऊन तोंड उघडायचं आणि आतलं तेल जिभेवर पिळायचं. आईच्या हातात 'घरी द्या' म्हणून कॅप्सूल ठेवायची नाही. फक्त लाल कॅप्सूल असतील आणि दहा महिन्यांचं बाळ समोर असेल, तर आधी एक कॅप्सूल चमच्यात पिळून थेंब मोजा आणि त्याच्या निम्मे द्या. डबा उन्हात आणि उजेडात ठेवला तर औषधाचा जोर जातो, गोठवायचाही नाही. डोसानंतर एखाद्या मुलाला उलटी, डोकेदुखी होते किंवा तान्ह्याची टाळू थोडी फुगते. दिवस-दोन दिवसांत उतरते. हे आईला आधीच सांगितलं नाही, तर पुढच्या फेरीला ती मूल आणत नाही.

उपचाराचे डोस वेगळे, आणि इथे बहुतेक टिपणांत गोंधळ असतो. डोळ्यांत लक्षण दिसलं, रातांधळेपणापासून बुबुळाच्या जखमेपर्यंत कुठलंही, तर तीन डोस: आज, उद्या आणि किमान दोन आठवड्यांनी. सहा महिन्यांखाली प्रत्येक डोस ५० हजार, ६ ते ११ महिन्यांना १ लाख, वर्षावरच्यांना २ लाख. 'मागच्या महिन्यात डोस झालाय' म्हणून उपचार थांबवायचा नाही. गोवरात, डोळ्यांत काही दिसो न दिसो, निदान झालं त्या दिवशी एक आणि दुसऱ्या दिवशी एक, मात्रा वयानुसार हीच. गोवराबरोबर डोळ्यांची लक्षणंही असतील तर तिसरा डोस ४ ते ६ आठवड्यांनी. जननक्षम वयातल्या मुली-बायकांना मात्र एवढा मोठा डोस देत नाहीत, कारण गर्भात व्यंग निर्माण होण्याचा धोका असतो. रातांधळेपणा असेल तर त्यांना रोज १० हजार किंवा आठवड्याला २५ हजार युनिट. बुबुळाला जखम असेल तर तो निर्णय डॉक्टरांचा.

आता लक्षणं ओळखण्याबद्दल. रातांधळेपणा विचारताना 'रात्री दिसतं का?' असा प्रश्न टाकला की सगळ्या आया 'हो' म्हणतात. क्रमानं विचारायचं: दिवसा दिसायला काही त्रास आहे का? तिन्हीसांजेला दिवा लागण्याआधी त्रास होतो का? त्या वेळी बरोबरीच्या मुलांपेक्षा हे वेगळं वागतं का, म्हणजे खेळता खेळता एका जागी बसून राहतं, भिंतीला धरून चालतं, समोर ठेवलेलं ताट चाचपतं? आणि शेवटी त्या भागात रातांधळेपणाला जो शब्द चालतो, तो वापरून विचारायचं. बहुतेक बोलींत असा शब्द असतो, आणि तो असणं हीच मोठी खूण आहे. दोन वर्षांखालच्या मुलाबद्दल हा प्रश्न फारसा कामाचा नाही. ते अजून धड चालत नाही, मग अंधारात अडखळतं की नाही हे कळणार कसं?

बिटॉटचा डाग बुबुळाच्या बाहेरच्या बाजूला, कानाकडच्या पांढऱ्या भागावर दिसतो. साबणाचा फेस वाळून चिकटावा तसा, बहुधा त्रिकोणी. पुसला तर निघतो आणि पुन्हा येतो. मोठ्या मुलांमध्ये उपचारानंतरही तो राहू शकतो, म्हणून डाग दिसला म्हणजे आजच अभाव आहे असं शंभर टक्के नाही; तरी उपचार द्यायचाच. यापुढची पायरी बुबुळाची. आधी त्याची चमक जाते, टॉर्चचा उजेड त्यावर स्वच्छ न उमटता विस्कटतो. मग बुबुळ धुरकट होतं, जखम पडते आणि ते अक्षरशः लोण्यासारखं मऊ होऊन वितळतं. कुपोषित मुलाला जुलाब किंवा गोवर झाला की हा सगळा प्रवास काही तासांत ते एक-दोन दिवसांत होऊ शकतो. आधी रातांधळेपणा दिसेल, मग डाग, मग बुबुळ, अशी वाट बघत बसू नका; तान्ह्या मुलात मधल्या पायऱ्या दिसतच नाहीत.

असं मूल तपासताना डोळा दाबायचा नाही. मऊ झालेलं बुबुळ बोटाच्या दाबानं फुटतं. मुलाला चादरीत हातांसकट गुंडाळा, आईच्या मांडीवर निजवा, डोकं दुसऱ्यानं धरावं. वरची पापणी उचलताना अंगठ्याचा भार भुवईखालच्या हाडावर ठेवा, डोळ्याच्या गोळ्यावर नाही. जोरानं रडून डोळे घट्ट मिटले तर थांबा. दिसलं ते पुरे. 'अ' जीवनसत्त्वाचा पहिला डोस तिथल्या तिथे द्या, प्रतिजैविक मलम अलगद सोडा, वर हलकं आवरण लावा आणि त्याच दिवशी रुग्णालयात पाठवा. स्टिरॉइडचा थेंब चुकूनही नाही.

ही निव्वळ डोळ्यांची बाब नाही, हे टिपणात मोठ्या अक्षरांत लिहा. डोळ्यांचे डॉक्टर आल्फ्रेड सोमर यांच्या इंडोनेशियातल्या कामातून दिसलं, की नुसता रातांधळेपणा किंवा डाग असलेली मुलंही इतरांपेक्षा जास्त दगावतात. मग आचेह प्रांतातल्या ४५० गावांमध्ये चाचणी झाली. १९८६ मध्ये तिचे निष्कर्ष आले: कॅप्सूल मिळालेल्या गावांत लहान मुलांचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं दरवर्षी अडीच ते पाच लाख मुलं या अभावानं अंध होत होती, आणि त्यांतली निम्मी दृष्टी गेल्यापासून वर्षाच्या आत मरत होती. ज्या मुलाचं बुबुळ वितळतंय, त्याचं आतडं आणि फुप्फुसही त्याच अभावानं उघडं पडलेलं असतं.

---

सांजवात

फार उपयोगी. एक शंका. गोवराची लस सगळीकडे पोचली, तर कॅप्सूलची गरज संपते का? आणि आहाराचं काय? 'पालेभाज्या खा' एवढं पुरतं का?

---

पारिजात

नाही संपत. गोवर हा धक्का आहे, शरीरातली 'अ' जीवनसत्त्वाची रिकामी साठवण हे मूळ कारण. पण धक्का थांबवणं फार मोलाचं आहे. गोवरात ताप आणि जुलाबामुळे उरलासुरला साठा उडतो, विषाणू स्वतः बुबुळाच्या वरच्या थराला इजा करतो, प्रतिकारशक्ती पडल्यामुळे नागिणीच्या जातीतल्या विषाणूची जखम होते, आणि याच दिवसांत घरचे डोळ्यात झाडाचा रस, राख असं काहीबाही घालतात. चार घाव एकाच आठवड्यात. साथ थांबवायला दोन्ही डोस ९५ टक्के मुलांपर्यंत पोचावे लागतात. नवव्या महिन्याचा एकच डोस देऊन हात झटकले, तर दर काही वर्षांनी साथ येणार.

आहाराबद्दल थोडं सावध. भाज्या-फळांतला कॅरोटीन शरीरात जाऊन जीवनसत्त्व बनतो, पण आपण मानत होतो त्यापेक्षा बराच कमी: अन्नातलं १२ भाग बीटा-कॅरोटीन तेव्हा कुठे १ भाग जीवनसत्त्वाची बरोबरी. शिवाय सोबत तेल-तूप नसेल किंवा पोटात जंत आणि वरचेवर जुलाब असतील तर तेही मिळत नाही. वर्षाच्या मुलाचं पोट केवढं! नुसत्या पालेभाजीवर त्याची गरज भागणं अवघड. पिवळी-केशरी फळं, रताळ्यासारखी केशरी कंदमुळं मऊ शिजवून, वर थोडं तेल. मिळेल तेव्हा अंडं, यकृत, दूध. पहिल्या दिवसाचं चिकाचं दूध टाकून देऊ नये, त्यात 'अ' जीवनसत्त्व भरपूर असतं. लांबचा उपाय म्हणजे रोजच्या खाण्यातल्या पदार्थात ते मिसळणं, जसं ग्वाटेमालाने साखरेत केलं. तोवर कॅप्सूल.

---

ध्रुव

नवजात बाळाच्या डोळ्यांचं लिहितो, आणि त्याला जोडून कमी दिवसांच्या बाळांचं.

पहिल्या तासातलं काम तीन मिनिटांचं आहे. डोकं बाहेर आलं की स्वच्छ कापसानं पापण्या पुसायच्या, नाकाकडून बाहेर, प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा. मग तासाच्या आत दोन्ही डोळ्यांत १ टक्का टेट्रासायक्लिन मलम किंवा ०.५ टक्के एरिथ्रोमायसिन मलम किंवा २.५ टक्के पोव्हिडोन आयोडीनचा पाण्यातला थेंब. खालची पापणी खाली ओढून मलमाची तांदळाच्या दाण्याएवढी रेघ आतल्या कोपऱ्यापासून बाहेर सोडायची. ट्यूबचं तोंड पापणीला लागता कामा नये. लागलं तर तीच ट्यूब पुढच्या बाळाला संसर्ग देते. नंतर डोळा धुवायचा नाही. पोव्हिडोन आयोडीनमध्ये जी चूक होते ती अशी: शस्त्रक्रियेआधी हात धुवायचं साबणयुक्त द्रावण किंवा १० टक्क्यांची बाटली हाताशी असते आणि तीच वापरली जाते. साबणयुक्त द्रावणानं बुबुळ जळतं. बाटलीवर डोळ्यांसाठी असं लिहिलं नसेल तर वापरू नका.

ही पद्धत जुनी आहे. जर्मनीत क्रेडे या प्रसूतितज्ज्ञांनी १८८० च्या सुमारास सिल्व्हर नायट्रेटचा थेंब सुरू केला आणि त्यांच्या प्रसूतिगृहात नवजात बाळांच्या डोळ्यांतला संसर्ग जवळपास नाहीसा झाला.

तरीही चिपडं आली तर? पहिल्या २८ दिवसांत पापण्या सुजून पू येणं ही तातडीची बाब धरायची. दुसऱ्या ते पाचव्या दिवशी घट्ट, भरपूर, पुसला की लगेच पुन्हा येणारा पू हा परमा (गोनोरिया) या लैंगिक आजाराच्या जंतूचा असू शकतो. हा जंतू धडधाकट बुबुळातूनही आत शिरतो. एखाद-दुसऱ्या दिवसात भोक पडतं. पाचव्या ते चौदाव्या दिवशी येणारा पू बहुधा क्लॅमिडिया या लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या जंतूचा. तो सावकाश चालतो, पण पुढे न्यूमोनिया होऊ शकतो. नुसते थेंब घालून यातलं काहीच बरं होत नाही. परम्यासाठी सेफ्ट्रायॅक्सोनचं एकच इंजेक्शन, किलोमागे ५० मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १५० मिलिग्रॅम. बाळाला कावीळ असेल किंवा शिरेतून कॅल्शियम चालू असेल तर ते चालत नाही, म्हणून हा निर्णय रुग्णालयातच. पाठवेपर्यंत उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्यानं किंवा सलाइननं पू वरचेवर पुसत राहायचं. पुसणाऱ्यानं स्वतःचे डोळे जपायचे. पापण्यांमागे साठलेला पू उघडताना उडतो. आणि उपचार आई-वडील दोघांनाही. एकट्या बाळाला बरं केलं तर आजार घरातच राहिला.

आता कमी दिवसांचं बाळ. पडद्यावरच्या रक्तवाहिन्या मधून कडेकडे वाढत जातात. नाकाकडची कड साधारण ३६ आठवड्यांना गाठतात, कानाकडची ४० च्या आसपास. बाळ आधीच जन्मलं तर ही वाढ अर्धवट राहते. जास्तीच्या ऑक्सिजननं ती थबकते. मग उपाशी राहिलेला कडेचा पडदा नव्या, वेड्यावाकड्या वाहिन्या ओढून घेतो, आणि त्या आकसल्या की पडदा सुटून येतो. १९४० च्या दशकात श्रीमंत देशांत मोकळ्या हातानं ऑक्सिजन दिल्यामुळे पहिली लाट आली होती. आज मध्यम उत्पन्नाच्या देशांत तेच चाललंय: बाळांना ऊब देणाऱ्या पेट्या आल्या, ऑक्सिजन आला, पण तो मोजायचं साधन पुरेसं नाही. त्यामुळे इथे मोठी, १५०० ग्रॅमच्या वरची बाळंही अंध होतात, आणि म्हणूनच अमेरिकेची चाळणी (१५०० ग्रॅम किंवा त्याखाली, ३० आठवडे किंवा त्याआधी) जशीच्या तशी उचलणं धोक्याचं. भारतात २००० ग्रॅमच्या खाली किंवा ३४ आठवड्यांच्या आत अशी रुंद चाळणी आहे.

ऑक्सिजन चालू असताना रक्तातलं प्रमाण ९० ते ९५ टक्क्यांत ठेवायचं. मॉनिटरची वरची घंटा ९५ वर लावलेली आहे का, हे प्रत्येक पाळीला बघायचं. बऱ्याच यंत्रांत ती १०० वर सोडलेली असते, म्हणजे ऑक्सिजन जास्त झाला तरी यंत्र गप्प. भिंतीतून थेट १०० टक्के ऑक्सिजन देण्याऐवजी हवा मिसळणारा ब्लेंडर हवा. प्रसूतिकक्षापासून पेटीपर्यंतच्या आणि रुग्णवाहिकेतल्या प्रवासात सगळेच हे विसरतात. याखेरीज जंतुसंसर्ग टाळणं, आईचं दूध, कांगारू पद्धतीनं छातीशी धरणं आणि वजनाची नीट वाढ, यांनीही धोका उतरतो.

पहिली तपासणी जन्मापासून चौथ्या आठवड्याच्या आत. २८ आठवड्यांच्या आधीचं किंवा १२०० ग्रॅमखालचं बाळ असेल तर दोन ते तीन आठवड्यांत. बाहुली मोठी करायला सौम्य थेंब: ट्रॉपिकामाइड ०.५ टक्के आणि फिनायलेफ्रिन २.५ टक्के, दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरानं दोन-तीनदा, आणि गालावर ओघळलेला थेंब लगेच पुसायचा. १० टक्के फिनायलेफ्रिन घातलं तर एवढ्याशा जिवाचा रक्तदाब आणि ठोके बिघडतात. तपासणीच्या ऐन आधी दूध पाजायचं नाही, उलटी छातीत जाते.

सगळ्यात जास्त डोळे जातात ते घरी सोडण्याच्या दिवशी. बाळाचं वजन भरलं, आई आनंदात, आणि कागदावर 'डोळे तपासून घ्या' एवढंच मोघम लिहिलेलं. तारीख नाही, जागा नाही. बाळाचे डोळे बाहेरून अगदी छान दिसतात, त्यामुळे घरच्यांना घाई वाटत नाही. बाहुलीत पांढरं दिसतं तेव्हा पडदा सुटलेला असतो. घरी सोडण्याच्या कागदावर दिवस, वार आणि ठिकाण लिहिल्याशिवाय सही करायची नाही. उपचाराची पायरी आली तर लेझर किंवा डोळ्यातलं इंजेक्शन ४८ ते ७२ तासांत व्हावं लागतं. इंजेक्शन दिलेल्या बाळाला लेझरवाल्यापेक्षा कितीतरी जास्त दिवस तपासत राहावं लागतं, कारण आजार उशिरा उलटतो.

---

पारिजात

ध्रुव, बाटल्यांच्या गोंधळात आणखी एक भर. नाळेला लावायचं ७.१ टक्के क्लोरहेक्सिडिन अनेक देशांत लहान ट्यूबमध्ये किंवा थेंबांच्या बाटलीत येतं, डोळ्यांच्या औषधासारखंच दिसतं. आफ्रिकेतल्या काही देशांत ते चुकून बाळांच्या डोळ्यांत गेलं, बुबुळांना गंभीर इजा झाल्या आणि जागतिक आरोग्य संघटनेला इशारा काढावा लागला. नाळेचं औषध आणि डोळ्यांचं मलम एका ट्रेमध्ये ठेवायचं नाही. चुकून गेलंच, तर स्वच्छ पाण्याची धार सोडून निदान पंधरा-वीस मिनिटं धुवायचं आणि धुतल्यावर लगेच पाठवायचं.

---

निरंजन

मोतीबिंदू, काचबिंदू (डोळ्यातला दाब वाढण्याचा आजार) आणि पांढरी बाहुली राहिलं.

बाळाच्या बाहुलीत पांढरं दिसणं म्हणजे मोतीबिंदू, सुटलेला पडदा किंवा पडद्याचा कर्करोग. शेवटच्यात डोळ्याबरोबर जीवही जातो. वेळेत आलं तर जीव आणि बरेचदा डोळाही वाचतो. म्हणून 'मोठं झाल्यावर ऑपरेशन करू' हे वाक्य कोणीही उच्चारू नये. नुकताच सुरू झालेला तिरळेपणा हीसुद्धा त्याच कर्करोगाची खूण असू शकते.

टॉर्चनं पांढरी बाहुली दिसते तोवर बराच उशीर झालेला असतो. ऑफ्थॅल्मोस्कोप (डोळ्याच्या आत बघायचं दिवा असलेलं यंत्र) असेल तर खोलीत अंधार करा, भिंग शून्यावर ठेवा, हातभर अंतरावरून दोन्ही डोळ्यांवर एकदम उजेड टाका. दोन्ही बाहुल्यांत सारखी नारिंगी-लाल चकाकी हवी. सावळ्या बाळांत ती फिकी, करडी-नारिंगी दिसते, ते नॉर्मल आहे. एकीत कमी, दुसरीत जास्त किंवा मध्ये काळा ठिपका, हे नॉर्मल नाही. जन्मानंतर आणि लसीच्या पहिल्या भेटीला, असं दोनदा बघायचं.

मोतीबिंदू दाट असेल तर एका डोळ्याचा सुमारे सहा आठवड्यांपर्यंत, दोन्ही डोळ्यांचा आठेक आठवड्यांपर्यंत निघाला पाहिजे. चार आठवड्यांच्या आत काढला तर पुढे काचबिंदूचा धोका वाढतो, म्हणून ही खिडकी अरुंद आहे. तीन महिन्यांच्या सुमारास डोळे आपोआप भिरभिरायला लागले, तर मेंदूनं पाहायला शिकायची वेळ हातची निसटली असं समजा. तरी शस्त्रक्रियेचा उपयोग असतो, पण अर्धामुर्धा.

आणि शस्त्रक्रिया हे निम्मंच काम. भिंग काढलेल्या तान्ह्याला जाड, वीसेक नंबरचा चष्मा किंवा कॉन्टॅक्ट लेन्स लागते. डोळा वाढतो तसा नंबर झपाट्यानं उतरतो, म्हणून पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी तरी मोजायचा. बाळाचं जग हातभर अंतराचं असतं, म्हणून चष्मा दोन-तीन नंबरांनी जवळचा देतात. एकाच डोळ्याचा मोतीबिंदू असेल तर चांगल्या डोळ्यावर पट्टी: आठ महिन्यांपर्यंत वयाच्या महिन्यागणिक रोज एक तास, पुढे जागेपणाच्या निम्मा वेळ. पट्टी लावली की बाळ रडतं आणि आईचा जीव तुटतो, पण तीच पट्टी त्या डोळ्याला पाहायला शिकवते. मुली उशिरा आणल्या जातात आणि तपासणीला कमी वेळा येतात, हे बऱ्याच देशांत दिसलंय. तुमच्या नोंदवहीत मुलगा-मुलगी वेगळं मोजा, म्हणजे लपणार नाही.

जन्मजात मोतीबिंदूचं अडवता येण्यासारखं मोठं कारण रुबेला (जर्मन गोवर). ऑस्ट्रेलियात डोळ्यांचे डॉक्टर नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ मध्ये हा धागा जोडला. गरोदरपणाच्या पहिल्या बारा आठवड्यांत संसर्ग झाला तर बाळाला बाधा होण्याचा धोका ९० टक्क्यांपर्यंत: मोतीबिंदू, बहिरेपणा, हृदयाचा जन्मजात दोष. लस चांगली आहे, पण अर्धवट देऊन चालत नाही. थोड्याच मुलांना लस दिली तर विषाणूचं फिरणं मंदावतं, उरलेल्या मुली लहानपणी आजारी न पडता मोठ्या होतात आणि ऐन गरोदरपणात त्यांना तो गाठतो. ग्रीसमध्ये १९९३ साली हेच झालं. गरोदर बाईला ही लस देत नाहीत, आणि दिल्यावर महिनाभर गर्भधारणा टाळायची. बाधित बाळ वर्षभर विषाणू बाहेर टाकत राहू शकतं. कर्मचाऱ्यांपैकी कोणी गरोदर असेल आणि तिला प्रतिकारशक्ती नसेल, तर तिनं ते हाताळू नये.

काचबिंदू: डोळ्यातून सतत पाणी, उजेडाकडे तोंड फिरवणं, पापण्या घट्ट मिटणं, बुबुळ मोठं आणि धुरकट. 'टपोरे डोळे' म्हणून घरात कौतुक होतं, आणि दवाखान्यात अश्रुनलिका बंद आहे म्हणून मालिश सांगतात. नवजात बाळाचं बुबुळ ९.५ ते १०.५ मिलिमीटर असतं. ११ च्या वर संशय, पहिल्या वर्षात १२ च्या वर गेलं तर काचबिंदू नाही हे सिद्ध होईपर्यंत तो आहेच असं धरायचं. पाणी येतंय पण उजेडाचा त्रास नाही, बुबुळ स्वच्छ आहे, तरच अश्रुनलिका.

---

सांजवात

शेवटचं. किती मुलं अंध आहेत हे कळायला अंधशाळेतली यादी पुरेल का? आणि 'त्याच दिवशी'ची यादी अजून एका जागी हवी आहे.

---

ध्रुव

अंधशाळेच्या यादीवर विसंबू नका. शाळेत पोचण्याआधी मेलेली मुलं, शाळेच्या वयाखालची, अंधत्वाबरोबर बहिरेपणा किंवा मतिमंदत्व असलेली आणि घरात ठेवलेल्या मुली तिथे नसतातच. मेंदूच्या इजेनं दृष्टी गेलेली मुलंही सुटतात, कारण त्यांचे डोळे निरोगी दिसतात. जन्मावेळी गुदमरणं, रक्तातली साखर फार उतरणं, मेंदूज्वर, मेंदूचा मलेरिया अशा कारणांनी ही मुलं वाढत आहेत. बांगलादेशात वेगळी वाट यशस्वी झाली: गावातल्या माहीतगार माणसांना, म्हणजे शिक्षक, सुईण, दुकानदार, धर्मस्थळातली माणसं यांना थोडं शिकवून मुलं शोधायला लावणं आणि मग ठरल्या दिवशी एका ठिकाणी डोळ्यांच्या डॉक्टरनं तपासणं. तुमच्या सेविका हे सहज करतील.

'त्याच दिवशी'ची यादी भिंतीवर लावण्यापुरती:

पहिल्या महिन्यात डोळ्यात पू किंवा सुजलेल्या पापण्या.
बुबुळ पांढरं, धुरकट किंवा चमक गेलेलं, विशेषतः गोवर, जुलाब किंवा कुपोषण असेल तर.
बाहुलीत पांढरं, कुठल्याही वयात.
उजेड सहन न होणं आणि मोठं दिसणारं बुबुळ.
डोळ्याला टोकदार वस्तू लागणं किंवा चुना-आम्ल जाणं. चुना-आम्ल असेल तर आधी तिथेच भरपूर पाण्यानं धुवायचं, मग निघायचं.

तीन महिन्यांचं होऊनही आईच्या चेहऱ्याकडे न बघणारं बाळ त्याच आठवड्यात. तपासणीची तारीख चुकलेलं कमी दिवसांचं बाळ मात्र चुकलं हे कळलं त्या दिवशीच.

यादीखाली एक ओळ लाल शाईत घाला: डॉक्टरनं लिहून दिल्याशिवाय स्टिरॉइडचे थेंब नाहीत. ॲलर्जीनं डोळे खाजणाऱ्या मुलाला या थेंबांनी दोन दिवसांत आराम पडतो, म्हणून घरचे तीच बाटली महिनोन् महिने आणत राहतात. दाब वाढून मज्जातंतू वाळतो, मोतीबिंदूही होतो, आणि मूल 'खाज थांबली' म्हणत असतं. घरात अर्धी वापरलेली बाटली आहे का, हे सेविकेनं दर भेटीला विचारावं आणि असेल तर ती बघायला मागावी.